गाळणीत राहिलेलं शहर

दिल्लीहून आलेला प्रश्न एका ओळीचा होता. बेरुआ शहरात अजून माणसं आहेत का?

हर्णैच्या टेकडीवरच्या केंद्रात हा प्रश्न आला तेव्हा रघुवीर भाटकर डबा उघडून बसले होते. बायको शैला गेल्यापासून डबा खानावळीचा असे, आणि तो ते पडद्याकडे बघत, काय खातोय हे न बघता संपवत. संचालक निमकर स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. वयाने लहान, पण भला माणूस. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत उत्तर पाठवायचंय, तुम्हीच लिहा सर, बेरुआ तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

ते खरं होतं. भाटकरांनी बेरुआ कधी पाहिलं नव्हतं, पण गेली सहा वर्षं ते त्या शहराला ऐकत होते.

सालिंदा हा खाली हिंदी महासागरातला एक छोटा देश. बेरुआ हे त्याचं बंदर. उन्हाळ्यात तिथलं निम्मं सैन्य उलटलं आणि त्याने बेरुआला वेढा घातला. तिथलं सरकार उत्तरेच्या एका बेटावर पळालं आणि तिथून भारताकडे मदत मागू लागलं. आपलं सैन्य पाठवावं की नाही यावर सगळा देश बोलत होता. खानावळीतही तोच विषय. वाढणारा म्हणायचा, आपल्याला काय करायचंय दुसऱ्यांच्या भांडणात. त्याची बायको आतून म्हणायची, माणसं मरतायत तिथे. मग बातमी आली की बेरुआतली माणसं होड्यांतून कधीच निघून गेली, शहर रिकामं आहे. आकाशातून काढलेल्या चित्रांत एकही माणूस, एकही चूल दिसत नव्हती. तेव्हापासून वाद जरा थंडावला होता.

केंद्राचं मूळ काम युद्धाचं नव्हतं. समुद्राच्या तळाशी ज्या तारांतून जगाचे फोन आणि संदेश जातात, त्या तारा म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या. काच कितीही चांगली केली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतात. एका टोकाने प्रकाशाचा ठिपका सोडला की प्रत्येक दोषावरून त्यातला कणभर प्रकाश मागे फिरतो. तारेखालची जमीन जराशी हलली, तर काच तेवढीच ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो फरक मोजता आला की तारेचा दर दहा मीटरचा तुकडा हा एक कान होतो. हर्णैहून बेरुआपर्यंत असे लाखो कान समुद्रात पसरले होते. त्सुनामीची सूचना लवकर मिळावी म्हणून सालिंदाने शांततेच्या काळात बेरुआच्या रस्त्यांखालच्या रिकाम्या ताराही या जाळ्याला जोडून दिल्या होत्या. युद्धात त्या तोडायचं कुणाला सुचलं नाही.

पण अशा कानांना सगळंच ऐकू येतं. बस, शाळेची घंटा, गिरणी, लाटा. त्या गलबल्यातून भूकंप वेगळा काढायला भाटकर आणि शैलाने मिळून एक यंत्रणा बनवली होती. शैला तिला गाळणी म्हणायची आणि मग सगळेच म्हणू लागले. जो आवाज रोज त्याच लयीत येतो, तो गाळणी दहाबारा दिवसांत ओळखते आणि वजा करते. भरती-ओहोटी ती सगळ्यात आधी काढते, मग यंत्रं, मग रहदारी. उरतं ते फक्त नवं, अचानक. वजा केलेला भाग, म्हणजे गाळ, महिनाभर बाजूला राहतो आणि आपोआप पुसला जातो. तो कुणी उघडून बघत नाही.

केंद्राचा एक नियम होता. प्रत्येक नोंद दोघांनी वेगवेगळी वाचायची, एकमेकांशी न बोलता. भाटकरांचं दुसरं वाचन कायम शैलाचं असे. ती गेल्यावर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. दुसरं वाचन आता संगणक करत असे आणि तो भाटकरांशी नेहमी सहमत होत असे.

भाटकरांनी उत्तराचा मसुदा लिहिला: गेल्या पंधरा दिवसांत तोफगोळे सोडता बेरुआत मानवी हालचालीची नोंद नाही. सकाळी पुन्हा वाचून पाठवू म्हणून ते घरी गेले.

संध्याकाळी पेपर घेऊन बसले. पान उलटलं आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटून थांबले. हे रोजच व्हायचं. आज पहिल्यांदा लक्षात आलं की काय राहतंय. पान उलटण्याआधी जिभेने टक् करायची शैलाला सवय होती. समोरच्या खुर्चीतून तो आवाज एकतीस वर्षं येत होता आणि त्यांनी तो एकदाही ऐकला नव्हता. आता थांबला म्हणून कळलं.

पेपर तसाच हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांना बेरुआ आठवलं.

सकाळी इतर कुणी यायच्या आत त्यांनी बेरुआचा गाळ उघडला. गाळणीने एक आवाज वजा केला होता आणि त्याला नाव दिलं होतं: यंत्र, बहुधा पंप. गोदीजवळच्या जुन्या धान्यकोठारांखालून येणारा ठोका. भाटकरांनी तो मोठा करून लावला.

ते यंत्र नव्हतं. यंत्र थकत नाही. हा ठोका जोमात सुरू व्हायचा, हळूहळू जड व्हायचा, अडखळायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा ताजा सुरू व्हायचा. हात बदलत होते. भाटकरांचं लहानपण चिपळूणजवळच्या गावात गेलेलं. हापसा त्यांना डोळे मिटूनही ओळखता आला असता. कुणीतरी जमिनीखाली हापसा मारत होतं. दिवसभर, रात्रभर. सकाळी आणि संध्याकाळी जास्त जोरात, जशी कुठल्याही गावात पाण्याला गर्दी होते. गाळणीला ही लय इतकी रोजची वाटली की तिने ती माणसं पुसून टाकली होती.

भाटकरांनी हिशेब केला. एका ठोक्याला साधारण किती पाणी, दिवसाला किती ठोके, एका माणसाला जगायला किती लागतं. दोन ते तीन हजार माणसं.

मग ते उठून खिडकीपाशी गेले, कारण आता त्यांना केतकीचा विचार करावा लागणार होता.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. सैन्यात डॉक्टर, मेजर. विमानातून उतरणाऱ्या एका तुकडीबरोबर ती असे. रविवारी तिचा फोन आला होता. सुट्टी रद्द झालीय एवढंच म्हणाली होती. कुठे, कशासाठी, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. सालिंदाला सैन्य गेलं तर पहिली जाणारी तुकडी तिची असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

मसुदा टेबलावर तयार होता. गाळ त्यांच्याशिवाय कुणी उघडला नसता. अजून काही दिवसांनी तो पुसला गेला असता आणि त्यांना कुणी काही विचारलं नसतं. शिवाय त्यांचं स्वतःचं मत विचाराल तर सैन्य पाठवू नये असंच होतं. परक्या मुलखात जाऊन आपण काय नीट करणार, असं ते खानावळीत म्हणालेही होते.

त्यांनी केतकीला फोन लावला. काय बोलणार होते ते ठरवलं नव्हतं. तिने उचलला तो धावपळीत.

"बाबा, काय रे? जेवलास का?"

"अजून सकाळ आहे."

"मग नाश्ता. तू नुसता चहा पिऊन जातोस, मला खानावळवाल्या काकूंनी सांगितलंय. माझे हेर आहेत तिथे."

ते हसले. मग म्हणाले, "तुला जावं लागलं तर तुला काय वाटेल?"

"मला नाही ते कुणी विचारत," ती म्हणाली. "आणि तूही विचारू नकोस. आई असती तर तिने नसतं विचारलं."

फोन ठेवल्यावर त्यांनी जुना मसुदा खोडला. निमकर आले तेव्हा त्यांना आवाज ऐकवला. निमकर ऐकता ऐकता खाली बसले. मग नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, संगणक गाळ वाचत नाही, मग दुसरं वाचन कोण करणार? भाटकर म्हणाले, वेळ नाही. तीन दिवसांचा गाळ मी वाचलाय, तेवढा पुरे. निमकरांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हट्ट धरला नाही.

दुसऱ्या दिवशी भाटकर दिल्लीत होते. लांब टेबल, आठदहा माणसं. अध्यक्ष अय्यरबाई, केस पांढरे, बोलणं हळू. सैन्याच्या बाजूने जनरल अहलावत. परराष्ट्र खात्याचे दत्ता म्हणून एक अधिकारी होते, त्यांचा सैन्य पाठवायला विरोध होता आणि ते तो आडपडदा न ठेवता बोलत होते. शिरायचं कसं हे नकाशावर छान दाखवलंय, ते म्हणाले, निघायचं कसं ते मला कुठे दिसत नाही. भाटकरांना ते मनापासून पटलं.

हापशाचा आवाज ऐकवल्यावर अय्यरबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, आकड्याबद्दल खात्री आहे का?

"दोन हजारांच्या खाली नसावीत," भाटकर म्हणाले.

"भाटकर, हे नीट ऐका," त्या म्हणाल्या. "दोनतीनशे माणसं असती तर आम्ही वाटाघाटी करत बसलो असतो. ती वाचली असती किंवा नसती. आकडा मोठा आहे म्हणून आम्ही उठतोय. तेव्हा तुमची खात्री आहे का?"

भाटकर हो म्हणाले.

मग जनरलनी आपली योजना सांगितली. रणगाडे थेट गोदीवर उतरवायचे आणि मुख्य रस्त्याने वर घ्यायचे. जलद, आणि आपली माणसं सुरक्षित. भाटकरांना यासाठी बोलावलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं. तो रस्ता ते सहा वर्षं ऐकत होते. गोदीची सगळी जागा समुद्रात भराव घालून केलेली. शांततेच्या काळात तिथून भरलेला ट्रक गेला तरी जमीन खरवसासारखी हलायची. आता वरच्या इमारती तोफांनी खिळखिळ्या झाल्या होत्या आणि माणसं त्यांच्याखालच्या तळघरात होती.

हे त्यांनी सांगितलं. रणगाड्यांची रांग त्या रस्त्याने गेली, तर ज्यांना वाचवायला जाताय ती त्याच दिवशी गाडली जातील.

जनरलनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. रणगाड्यांशिवाय म्हणजे पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरून डोंगरातून पायी, ते म्हणाले. दोन दिवस. वाटेत पूल आहे, त्यावर त्यांचा पहारा आहे. यात माझी पोरं जातील. त्यांनी भाटकरांकडे पाहिलं. तुमच्या घरचं कुणी सैन्यात आहे का?

"मुलगी आहे. पहिली उतरणार त्याच तुकडीत."

अय्यरबाई सावकाश म्हणाल्या की हे आधी सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला यातून बाजूला व्हायचं असेल तर कुणी दोष देणार नाही.

"मी बाजूला झालो तरी जमीन तीच राहील," भाटकर म्हणाले.

परत येताना विमानात शेजारचा माणूस सालिंदाबद्दलच बोलत होता. भाटकरांनी झोपेचं सोंग घेतलं.

चार दिवसांनी सैन्य उतरलं. केंद्रात सगळे आपापल्या पडद्यांपुढे होते, पण पूर्वेच्या डोंगराची वाट फक्त भाटकरांच्या पडद्यावर होती. त्या वाटेच्या कडेने एक जुनी तार जात होती. दुपारी तिच्यावर हालचाल उमटली. गाळणीने लिहिलं: अनोळखी. शेकडो पावलं, एकामागून एक, चढावर संथ. एवढ्या पावलांतून एक पाऊल वेगळं काढता येत नाही, हे भाटकरांनी स्वतः एका परिषदेत सिद्ध करून दाखवलं होतं. तरी ते कान देऊन राहिले.

पुलापाशी स्फोट झाले. पावलं विखुरली, थांबली. नंतर खूप वेळ नुसता गलबला. मग पुन्हा चालणं सुरू झालं, आणि ते आधीपेक्षा विरळ होतं की तसंच, हे भाटकरांना ठरवता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी पावलं शहरातून गोदीपाशी आली. तेवढ्यात तळघरातला हापसा बंद पडला.

भाटकरांना कळलं. वर कुणीतरी चालतंय हे खालच्यांनी ऐकलं होतं. कोण चालतंय हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते श्वास रोखून बसले होते. आणि खाली नेमकं कुठे माणसं आहेत हे वरच्यांना दिसत नव्हतं. दोघांचं ऐकू येणारा माणूस हर्णैला बसला होता, आणि त्याचा आवाज दोघांपैकी कुणालाही ऐकू जाणार नव्हता.

हापसा पुन्हा सुरू झाला नाही. संध्याकाळी दिल्लीने जाहीर केलं की बेरुआतल्या नागरिकांना बाहेर काढलं आहे, मोहीम यशस्वी, आपली काही माणसं कामी आली आहेत, नावं घरच्यांना कळवल्यावर सांगू. केंद्रात कुणी पेढे आणले. निमकरांनी भाटकरांना घरी जेवायला नेलं. निमकरांच्या बायकोने त्यांना आवडते म्हणून सोलकढी केली होती. ते वाटी हातात घेऊन बसून राहिले. फोन ताटाशेजारी उताणा ठेवला होता आणि घरातले सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. भाटकर घरी होते. आवाज केतकीचा होता, पण घसा बसलेला.

"बाबा, मी आहे."

"हो," ते म्हणाले.

तीच बोलली. ती सालिंदाच्याच किनाऱ्यावर होती, छावणीत. पायाला लागलंय, फार नाही. तिच्या तुकडीतली अकरा माणसं गेली, बहुतेक पुलावर. तिच्या हाताखालचा थापा नावाचा नर्सिंग हवालदार गेला. तिला चिडवायचा, मॅडम, तुमची पिशवी माझ्यापेक्षा जड, असा. तो तिची पिशवी घेऊन पुढे गेला होता.

मग ती म्हणाली, "आम्हाला रणगाडे का दिले नाहीत, कुणी सांगत नाही."

ते सांगणं हा गुन्हा होता. भाटकरांनी सांगितलं. भराव, इमारती, तळघर, समितीत आपण काय बोललो ते सगळं.

पलीकडे कुठेतरी जनरेटर चालू होता.

"किती माणसं आहेत म्हणालास तू त्यांना?" तिने विचारलं.

"दोन हजार तरी. हापसा सतत चालायचा, म्हणून."

"हापसा नव्हता, बाबा. जहाजावरचा हातपंप होता. बांध फुटून समुद्राचं पाणी तळघरात शिरत होतं. पाणी पीत नव्हते ते, बाहेर टाकत होते. पाळ्या लावून. थांबले असते तर बुडाले असते." ती थांबली. "तीनशेच्या आसपास माणसं आहेत. मी स्वतः तपासलीयत सगळी."

भाटकर खाली बसले. सकाळ-संध्याकाळची ती गर्दी. ती गर्दी नव्हती, भरती होती. सात दिवसांचा गाळ पाहिला असता तर भरतीबरोबर ती वेळ रोज सरकताना दिसली असती. पण त्यांनी तीनच दिवस पाहिले, आणि भरती तर गाळणीने केव्हाच बाजूला काढली होती. शैलाने पहिलं तेच विचारलं असतं.

"तीनशे असती तर सैन्य गेलंच नसतं," भाटकर म्हणाले. "मला तसं सांगितलं होतं. मी हो म्हणालो."

"आणि आम्ही गोदीपाशी पोचलो तेव्हा पंप बंद होता," ती म्हणाली. "आमची चाहूल लागली म्हणून त्यांनी तो थांबवला. आम्ही खाली उतरलो तर माणसं छातीपर्यंत पाण्यात, पोरं खांद्यावर, आणि कुणी तोंडातून आवाज काढत नव्हतं. अजून अर्धा तास गेला असता तर..."

"तुला खरा आकडा माहीत असता, तर तू काय सांगितलं असतंस?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"खरा सांगितला असता."

"म्हणजे हे लोक मेले असते. आणि थापा असता."

"हो."

तिने रागाने काही बोलावं याची ते वाट बघत होते. किंवा तू बरोबर केलंस म्हणावं, याचीही. तिने दोन्ही केलं नाही. पलीकडे जनरेटर ऐकू येत होता आणि त्याच्यामागे परक्या भाषेत कुणीतरी मुलाला हाका मारत होतं.

"मला आत्ता यावर बोलता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पुढेही कधी येईल, मला माहीत नाही."

"बरं."

"पण फोन ठेवू नकोस. मी इथे आडवी होतेय जरा. बोलू नकोस, नुसता चालू ठेव."

भाटकरांनी फोन कानाला तसाच धरला. पलीकडे कॅनव्हास सरकल्याचा आवाज झाला, तिने पाय उचलून वर ठेवताना दुखून श्वास घेतला, आणि मग ती हळूहळू शांत झाली. ते भिंतीला टेकून बसले होते. हात अवघडला तसा त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जपून, तिला जाग येऊ नये म्हणून.